धामणपार जिल्हा, एक नग

अकरा वर्षे मी एका जिल्ह्याची प्रभारी होते. त्यातली दहा वर्षे मला ते माहीत नव्हते.

माझे पद अभिलेखपालाचे. म्हणजे सरकारच्या जुन्या कागदांची राखण करणारी. त्याआधी नागपुरातल्या एका दैनिकात चार वर्षे जिल्हा पानावर उपसंपादक होते. तालुक्यांच्या बातमीदारांनी पाठवलेल्या मजकुरातून कोण, काय, कुठे आणि कधी एवढे शोधायचे आणि उरलेले कापायचे, हे ते काम. पुढे सरकारी परीक्षा दिली आणि कळमेश्वरहून रोज ये-जा करत उरलेली नोकरी एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर काढली. कामात फारसा फरक पडला नाही. फक्त इथले बातमीदार मेलेले होते, त्यामुळे त्यांना फोन करून खुलासा विचारता येत नसे.

अभिलेखागार ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक लांब खोली, छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि मांडण्यांवर बस्ते. बस्ता म्हणजे लाल कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. कापड लाल का, तर लाल रंगाने कीड लागत नाही असा समज. आमचे दफ्तरी, म्हणजे बस्ते काढणारे, झटकणारे आणि पुन्हा जागेवर लावणारे कर्मचारी, रज्जाकभाई यांचे मत वेगळे होते. "कीड्याले कायचा रंग, मॅडम? त्याले कागद पायजे." रज्जाकभाईंची नोकरी माझ्याहून जास्त झाली होती. कोणत्या मांडणीला धक्का लागला तर काय पडेल, हे त्यांना डोळे मिटून सांगता येई.

प्रत्येक बस्त्याला चिठ्ठी असते आणि तीवर गावाचे नाव. चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला धडा. कोणीतरी कधीतरी घाईत बांधलेले असते. दुसरा धडा असा की आपण इथे वाचायला आहोत, लिहायला नाही. जुन्या नोंदवहीत अभिलेखपालाच्या हातून शाईचा एक ठिपकाही पडता कामा नये. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी सांगत असे.

लोकांना वाटते, इथे येणारा प्रत्येक जण काहीतरी शोधत येतो. बरेच जण काही सापडू नये म्हणून येतात. त्यांना 'अभिलेख उपलब्ध नाही' असा दाखला हवा असतो. हा दाखला देणे सर्वांत कष्टाचे, कारण असलेला कागद सापडला की काम थांबते, नसलेला मात्र सगळीकडे शोधावा लागतो. एका गृहस्थांना त्यांच्या आजोबांच्या घराची नोंद नाही असे लेखी हवे होते. तिसऱ्या दिवशी नोंद सापडली. मी आनंदाने फोन केला. पलीकडून ते म्हणाले, "एवढं शोधायले कोनं सांगतलं होतं तुमाले?"

एक निवृत्त शिक्षक दर महिन्याला येऊन एकच नकाशा पाहत. त्या नकाशात त्यांच्या गावाची हद्द शेजारच्या गावाच्या विहिरीपलीकडे गेलेली होती. त्यांना नक्कल नको होती, वाद करायचा नव्हता. "फक्त पाहून जातो," म्हणत. पाहून, चष्मा पुसून, समाधानाने जात.

अशांची सवय झाल्यामुळे उकंडराव पहिल्यांदा आले तेव्हा मला विशेष वाटले नाही.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. पंचाहत्तरीचे एक गृहस्थ, पांढरी टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. बरोबर अठरा वर्षांची नात, श्रुतिका. कन्हानच्या पुढे नदीकाठी टेंभरी नावाचे गाव आहे, तिथले शेतकरी कुटुंब. उकंडरावांनी नमस्कार केला आणि विचारले, "मॅडम, धामणपारचे कलेक्टर कुठी बसतात जी?"

"धामणपार नावाचा जिल्हा नाही."

"हे तं सबन ऑफिसात सांगतलं. नाई म्हणून लेखी कोनी देत नाई."

"काम काय आहे?"

श्रुतिकाने सांगितले. आजोबा मध्ये बोलू लागले की ती थांबे आणि ते दम घ्यायला थांबले की पुढे सुरू करी. तिला पशुवैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता, पण तात्पुरता. जातीच्या दाखल्याची पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत महाविद्यालयात पोचले नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. तारखेला सदतीस दिवस उरले होते.

तिची फाईल चांगली होती. वडिलांचा आणि आजोबांचा शाळेतला दाखला, पणजोबांचा जमिनीचा जुना कागद. पडताळणी समितीला एवढे पुरते. पण अर्ज द्यायला निघताना उकंडरावांनी भिंतीवरची एक तसबीर उतरवली. तिच्या काचेमागे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एक कागद होता. इंग्रजांच्या काळातल्या खानेसुमारीची, म्हणजे घरटी मोजणीची, नक्कल. तीत त्यांच्या मूळ पुरुषाचे नाव, जात, घरातली माणसे आणि बैल, आणि वर ठळक अक्षरात 'जिल्हा धामणपार'. उकंडरावांनी तो कागद फ्रेममधून काढून फाईलला सर्वांत वर लावला.

"जितका जुना तितका भारी, असं वाटलं जी मले."

"मी नाई म्हटलं होतं, मॅडम. आबाजी आयकतच नाई."

"तू चूप बस वं. कोनाच्या घरी आहे एवढा जुना कागद? पाटलाच्या घरी बी नाई."

समितीचा नियम साधा आहे. फाईलमधला प्रत्येक कागद ज्या जिल्ह्याचा, त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून खरा असल्याचे लेखी आले पाहिजे. समितीने नियमाप्रमाणे 'जिल्हाधिकारी, धामणपार' यांना पत्र पाठवले. ते 'पत्ता सापडत नाही' असा शेरा घेऊन परत आले. समितीने नियमाप्रमाणे स्मरणपत्र पाठवले. तेही आले. तिसरे पाठवायचे होते. त्यानंतर कागद संशयास्पद धरला जाणार होता, आणि एक कागद संशयास्पद ठरला की सगळी फाईल ठरते.

मी समितीच्या लिपिकांना फोन लावला. मधुकरराव त्यांचे नाव. सज्जन आणि नियमाला पक्के.

"तो कागद परत घेऊ द्या ना त्यांना. बाकीचे पुरेसे आहेत."

"लागलेला कागद निघत नाही, मॅडम. काढला की समिती म्हणते, लपवून काय राहिले?"

"पण जिल्हाच नाही. उत्तर कोण देणार?"

"हेच तर. माझ्यापुढे दोनच गोष्टी आहेत. जिल्हा नसेल तर कागद खोटा. जिल्हा असेल तर जिल्ह्यानं उत्तर द्यावं. तिसरी गोष्ट तुम्ही सांगा, मी टिपणीत घेतो."

तिसरी गोष्ट शोधायला मला चार दिवस लागले.

जुन्या अहवालांतून जुळवलेली हकीकत अशी. नागपूरचा राजा वारस न ठेवता वारला आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. मग मुलूख मोजायला, वाटायला साहेब लोक निघाले. एका नदीपलीकडचा डोंगराळ भाग पावसाळ्याचे चार महिने तुटतो, असे त्यांच्या लक्षात आले. नदी ओलांडता येत नाही, म्हणून पलीकडे स्वतंत्र जिल्हा केला. मुख्यालय धामणपार, तेव्हा चाळीसेक घरांचे. जिल्ह्याला डेप्युटी कमिशनर नेमला गेला. त्याला तिथे पहिल्याच महिन्यात ताप आला, म्हणून त्याने बहुतेक काळ कामठीच्या छावणीत राहून कारभार केला. म्हणजे नदी ओलांडता येत नाही म्हणून केलेला जिल्हा नदीच्या अलीकडून चालत होता. चार पावसाळ्यांनी तो मोडला. आज त्याचा मुलूख तीन-चार तालुक्यांत आणि थोडा राज्याच्या सीमेपलीकडे वाटला गेला आहे.

मी त्या सर्व ठिकाणच्या अभिलेखागारांना विचारले. सगळीकडून एकच उत्तर आले, "आमच्याकडे नाही, नागपूरला असेल." नागपूरला म्हणजे माझ्याकडे. आणि माझ्याकडच्या सूचीत धामणपार नव्हते.

चौथ्या दिवशी दुपारी रज्जाकभाई चार्ज लिस्ट घेऊन आले. शिडीची एक पायरी तुटली होती आणि नवीन मागण्यासाठी जुनीची नोंद लागते.

चार्ज लिस्ट म्हणजे काय, ते सांगायला हवे. एक अभिलेखपाल जातो आणि दुसरा येतो तेव्हा खोलीतल्या सर्व वस्तूंची यादी होते. जाणारा 'दिले' लिहितो, येणारा 'घेतले'. यादी दरवेळी नवी करायची असते. प्रत्यक्षात मागची समोर ठेवून उतरवली जाते, कारण बदलीचा हुकूम हातात असतो आणि बस किंवा गाडी पकडायची असते. मीही तसेच केले होते. दोनशेच्या वर नोंदी होत्या. खाली सही केली आणि चहा प्यायला गेले.

रज्जाकभाईंनी शिडीच्या नोंदीवर बोट ठेवले आणि ते बोट एक ओळ खाली सरकले.

"मॅडम, शिडी आहे. शिक्का आहे, तुटका. मधातला हा जिल्हा कोन्या कपाटात आहे?"

मी वाचले. 'शिडी, लाकडी, नऊ फुटी, नग एक. धामणपार जिल्हा, नग एक. शिक्का, पितळी, तुटका, नग एक.' शेवटी 'घेतले' आणि माझी सही.

"तुमी घेतला आहे जिल्हा," रज्जाकभाई म्हणाले. "आता देल्ल्याशिवाय तुमाले जाता येत नाई."

मागच्या याद्या काढल्या. प्रत्येकीत तीच ओळ. मराठीच्या आधी हिंदी, तिच्या आधी इंग्रजी. सर्वांत जुन्या यादीत तिचा उगम होता. जिल्हा मोडल्याच्या हुकुमात म्हटले होते, की धामणपारचे कागद, शिक्का आणि शिल्लक काम पुढील आदेश होईपर्यंत नागपूरच्या अभिलेखपालाकडे राहील. त्या वेळच्या कारकुनाने हे सगळे यादीत घ्यायचे म्हणून थोडक्यात लिहिले, 'धामणपार जिल्हा, एक'. पुढील आदेश कधी झाला नाही. इंग्रज गेले, प्रांत गेला, दोनदा राज्य बदलले, आणि माझ्या आधीच्या सगळ्या अभिलेखपालांनी शिडी आणि शिक्क्याच्या मध्ये एक जिल्हा सही करून घेतला आणि सही करून दिला.

त्या सर्वांत जुन्या यादीत कपाट क्रमांकही होता. कपाटाच्या मागे, भिंतीला टेकून, तीन बस्ते निघाले. त्यांच्यावर चिठ्ठी होती, 'रद्दी, तपासून ठेवणे'.

पहिल्या बस्त्यात जिल्हा मोडल्याचा हुकूम होता. कारणाची ओळ स्वच्छ होती. टेंभरीच्या घाटावर एका रयताने बारमाही डोंगा घातला असल्याने पावसाळ्यातही ये-जा होते, सबब स्वतंत्र जिल्ह्याची गरज उरलेली नाही. डोंगा म्हणजे आपली लाकडी होडी.

दुसऱ्यात जिल्ह्याची जावक नोंदवही, म्हणजे बाहेर गेलेल्या पत्रांची वही. तिच्यातली शेवटची नोंद कामठीच्या छावणीला लिहिलेल्या पत्राची. विषय, कार्यालय बंद होत असल्याने उरलेली शाई कोठे जमा करावी. उत्तर आल्याची नोंद कुठेच नाही.

तिसऱ्या बस्त्यात खानेसुमारी होती, मोडी लिपीत. टेंभरीचे पान सापडले. सोमा वल्द लखमा, म्हणजे लखमाचा मुलगा सोमा. जात, माणसे सात, बैल चार. उकंडरावांच्या नकलेशी अक्षरन्‌अक्षर जुळत होते. फक्त मूळ पानाला उजव्या कडेला आणखी एक रकाना होता, शेऱ्याचा. नक्कल करणाऱ्याने तो सोडून दिला होता. त्यात लिहिले होते, 'घाटावर डोंगा घालतो'.

उकंडराव आणि श्रुतिका दुसऱ्या दिवशी आले. मी त्यांना पान दाखवले आणि हुकूम वाचून दाखवला. उकंडराव वाकून पान पाहू लागले. मग म्हणाले, "मंजे आमच्याच बुढ्यानं जिल्हा मोडला का जी?"

"हाव, आबाजी," श्रुतिका म्हणाली. "अन तुमी त्याचाच फोटो करून भिंतीवर लावला."

"फोटो नोहे तो, कागद होये."

ती हसत होती, पण मी हसले नाही. कारण अडचण वेगळीच होती. समितीपुढे ही मंडळी शेती करणाऱ्या जातीची म्हणून उभी होती. होडी चालवणे हा दुसऱ्या जातींचा परंपरेने चालत आलेला धंदा. समितीसाठी चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाचा अधिकारी तो शेरा वाचून विचारणार, की शेतकऱ्याच्या नावापुढे डोंगा कसा? एका शेऱ्यावरून फाईल अडते, हे मी अनेकदा पाहिले होते. तारखेला बत्तीस दिवस राहिले होते.

उकंडरावांना हे सांगताच ते खुर्ची पुढे ओढून बसले.

"मंग तेवढा रकाना सोडा नं, मॅडम. आधीच्या बाबूनं सोडला. तुमी बी सोडा. कोनाले समजते?"

"मला."

"तुमाले समजलं तं काय होते? तुमी तं आपल्याच आहा."

"मी मूळ कागद पाहून लिहिते आहे. दिसले ते सगळे लिहावे लागेल. अर्धे लिहिले तर मी दिलेल्या इतर नकलांवरही कोणी विश्वास का ठेवावा?"

"इतरायचं इतर पाहतीन जी. माह्या पोट्टीची जागा जाऊन राहिली." त्यांचा आवाज चढला. "मीच लावला कागद. माह्याच हातानं. आता तिची जागा गेली तं मी घरात तोंड कसं दाखवू? सांगा मले."

रज्जाकभाईंनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला. श्रुतिकाने आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मॅडम, तुमी पुरं लिहा. काहून का, उद्या कोनी मूळ कागद काढला तं मी खोटी पडीन. मंग मिळालेली डिग्री बी जाईन."

उकंडराव उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. ती त्यांच्यामागे गेली नाही. तिने विचारले, "पत्र कधी जाईन?"

पत्र तयार झाले, पण त्याला जावक क्रमांक हवा होता. आमच्या कार्यालयाच्या वहीतला घातला, तर मधुकरराव म्हणणार होते की हे धामणपारचे उत्तर नव्हे. आमचे साहेब, नायब तहसीलदार, बदलीच्या वाटेवर होते. त्यांनी तीनदा वाचले आणि विचारले, "मला कुठं सही करायची आहे का?"

"नाही. जिल्हा माझ्याकडे आहे."

"मग बरं आहे," म्हणून ते उठले.

त्या दुपारी मी एक गोष्ट केली, जिचे समर्थन मी आजही करत नाही. धामणपारची जावक नोंदवही उघडली. उरलेल्या शाईच्या पत्राखाली पुढचा अनुक्रमांक लिहिला, त्या दिवसाची तारीख, 'पडताळणी समिती, नागपूर', आणि विषय, 'खानेसुमारीच्या नोंदीची सत्यता'. निळे बॉलपेन. रज्जाकभाई समोर उभे होते. आयुष्यभर मी नवीन लोकांना जे करू नका म्हणून बजावले, ते मी करत होते, आणि ते पाहत होते. "ब्लॉटिंग पेपर देऊ का?" एवढेच त्यांनी विचारले. त्या पानावर आता दीडशेहून जास्त वर्षांच्या अंतराने दोन अक्षरे एकाखाली एक आहेत. पुढे एखादा अभ्यासक ते पान पाहील आणि माझ्याबद्दल जे म्हणेल, ते बरोबरच असेल.

पत्रात मी लिहिले, की धामणपार जिल्हा अस्तित्वात नाही, त्याचे कागद आणि शिल्लक काम माझ्या ताब्यात आहे, नक्कल मूळ नोंदीशी जुळते, मात्र मूळ नोंदीत शेऱ्याचा एक रकाना अधिक असून तो पुढीलप्रमाणे. खाली सही, 'अभिलेखपाल तथा प्रभारी, धामणपार'.

मधुकररावांचा फोन आला. "मॅडम, तिसरी गोष्ट सापडली म्हणायची. टिपणीत घेतली. पण आता सुनावणीला यावं लागेल."

"मला?"

"जिल्ह्याला."

सुनावणी तारखेच्या आधी नऊ दिवस झाली. समितीचे अध्यक्ष मध्ये, सदस्य दोन्ही बाजूंना, आणि कोपऱ्यात टंकलेखक. समोरच्या बाकावर श्रुतिका, तिचे वडील आणि इस्त्रीचा सदरा घातलेले उकंडराव. श्रुतिकाचे मामा रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तंत्रज्ञ होते. ते रजा टाकून आले होते आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होते.

अध्यक्षांनी फाईल उघडली. "धामणपार जिल्ह्यातर्फे कोण आहे?"

मी हात वर केला.

"आपण जिल्हाधिकारी?"

"नाही. प्रभारी."

"मग जिल्हाधिकारी कुठे आहेत?"

"वारले असावेत."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिले. मग टंकलेखकाकडे वळून म्हणाले, "अनुपस्थित, असं घ्या."

पुढचा अर्धा तास शाळेचे दाखले वाचण्यात गेला. मग ते माझ्या पत्रावर आले. शेऱ्याचा रकाना त्यांनी मोठ्याने वाचला आणि प्रश्न आला, अगदी मला वाटले होते त्याच शब्दांत. "शेती करणारा माणूस घाटावर डोंगा कसा घालतो?"

वडिलांनी उकंडरावांकडे पाहिले. श्रुतिका उभी राहिली.

"सर, आमचं अर्धं वावर नदीच्या त्या बाजूले आहे. पूल सात किलोमीटर वर आहे. मंग डोंग्यानं नाई जायचं तं कशानं जायचं?"

"म्हणजे अजून जाता?"

"रोज. बैल पोहत येतात, माणसं डोंग्यात."

"चालवतो कोण?"

"मी. आबाजीले आता होत नाई. बाबा वल्हवतात तं डोंगा गोल फिरते."

वडील खाली पाहू लागले. एक सदस्य, जे तोवर काही बोलले नव्हते, फाईल उलटी चाळू लागले. पणजोबांच्या जमिनीच्या कागदावर थांबले. त्यात दोन तुकडे होते, एक गावठाणाला लागून, दुसरा 'नदीपार'. त्यांनी पान अध्यक्षांपुढे सरकवले. अध्यक्षांनी वाचले आणि दक्षता अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष जाऊन पाहायला सांगितले.

अधिकारी तिसऱ्या दिवशी टेंभरीला गेले. त्यांचा अहवाल मी पाहिला आहे. सव्वा पानाचा. त्यातले अर्धे पान ते डोंग्यात कसे बसले यावर आहे. निष्कर्ष एका ओळीचा, 'शेत पलीकडे आहे. अर्जदार स्वतः डोंगा चालवते. शेरा संशयास्पद वाटत नाही.' जो रकाना सोडा म्हणून उकंडराव माझ्याशी भांडले, त्याच रकान्यामुळे ते घराणे तेच आणि शेत तेच, हे सिद्ध झाले. मी तो लिहिला तेव्हा असे होईल याची मला कल्पना नव्हती. उलट झाले असते तरी मी तोच लिहिला असता, आणि मग हा लेख लिहायला बसले नसते.

वैधता प्रमाणपत्र मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी मिळाले. त्याची एक प्रत माहितीसाठी 'जिल्हाधिकारी, धामणपार' यांना. ती माझ्या टेबलावर आली. त्यापाठोपाठ समितीच्या पत्त्यांच्या यादीतून धामणपार आणखी कुठल्या याद्यांत गेले कोण जाणे, पण वृक्षलागवडीचा अहवाल का सादर केला नाही, अशी विचारणा आली. मग निवडणूक साहित्याच्या गोदामाची पाहणी. मी प्रत्येकाला उत्तर दिले, आमच्या कार्यालयाच्या वहीतून. त्या जुन्या वहीला पुन्हा हात लावला नाही.

महाविद्यालयात काय झाले, ते उकंडरावांकडून कळले. ते पंधरा दिवसांनी आले, शेंगांची पिशवी घेऊन. पायरीवरून गेल्यानंतर आमच्यात सुनावणीपुरतेच बोलणे झाले होते. त्यांनी पिशवी रज्जाकभाईंच्या टेबलावर ठेवली, माझ्या नाही.

"झाला प्रवेश?" मी विचारले.

"झाला जी. पन तिथी बी घोळच झाला."

प्रमाणपत्रावर समितीने 'मूळ जिल्हा, धामणपार (तत्कालीन)' असे छापले होते. महाविद्यालयाच्या संगणकात जिल्ह्यांची यादी ठरलेली. तीत धामणपार नाही. प्रमाणपत्रावर आहे तेच भरायचे, असा नियम असल्याने नागपूर निवडता येईना. शेवटचा दिवस, रांग दारापर्यंत. काउंटरवरच्या बाईंनी वैतागून 'इतर' निवडले. संगणकाने ते घेतले, प्रवेश पक्का केला, आणि 'इतर' म्हणजे राज्याबाहेरची विद्यार्थिनी, असे स्वतःच ठरवले.

"मंग हॉस्टेलची यादी लागली," उकंडराव म्हणाले. "जवळच्या पोरीयले खोली भेटत नाई. आमचं ठरलंच होतं, रोज पाच वाजता उठून एसटीनं जायचं, सात वाजता वापस यायचं. अन हिचं नाव पयल्या नंबरले. लांबून येते म्हणून."

"टेंभरीहून?"

"टेंभरीहून कायले? धामणपारहून." ते पहिल्यांदा हसले. "इंग्रजायनं चार पावसाळे जिल्हा चालवला, मॅडम. गावाले एक विहीर नाई देल्ली. आता खोली देल्ली. दुसऱ्या माळ्यावर, खिडकीची."

मी त्यांना सांगितले, की नोंद चुकीची आहे. पुढेमागे कोणी तपासले, तर महाविद्यालय मूळ जिल्ह्याकडे विचारणा करेल आणि खरे ते कळवावेच लागेल.

"कळवा नं. तुमी खोटं लिहत नाई, हे मले मालूम आहे." त्यांनी टोपी नीट केली आणि उठले. "पन सरकारी उत्तराले किती दिवस लागतात, हे बी मालूम आहे. मागच्या खेपेले शाईचं उत्तर अजून यायचं आहे म्हणत होते रज्जाकभाई. तवरिक पोट्टी डॉक्टर होऊन जाते."